मनाच्या दाराशी

आमच्या घरात आई बारा वर्षे रडली नाही. रडण्यासारखे काही घडले नव्हते म्हणून नव्हे. रडायचे नसते, असे तिला सांगितले गेले होते म्हणून.

माझा थोरला भाऊ एकोणिसाव्या वर्षी विहिरीत बुडून गेला. आमचे गाव नगर जिल्ह्यातले. आता या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. उन्हाळ्याच्या सुटीत भाऊ मित्रांबरोबर पोहायला गेला आणि दुपारी चौघांनी त्याला बाजेवर घालून घरी आणले. संध्याकाळी दफन झाले. रात्री मंडळीतली माणसे प्रार्थनेला जमली. गीते झाली, शास्त्रवाचन झाले. आई भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होती. मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ तिच्याजवळ गेले आणि अगदी मायेने म्हणाले, ‘‘बाई, लेकरू प्रभूच्या घरी गेलंय. ही स्तुतीची वेळ आहे. विश्वासणाऱ्यांनी असं रडू नये. लोक म्हणतील, यांची श्रद्धा एवढीच का?’’

आईने पदराने डोळे पुसले. ते पुन्हा ओले झालेले आम्ही पाहिले नाहीत.

पण न रडलेले रडणे कुठे तरी जातेच. तिचे डोके दुखू लागले. रविवारच्या उपासनेत ती खड्या आवाजात गायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. विहिरीकडची वाट तिने सोडली. दळण घेऊन जायचे तरी गावाला वळसा घालून जाई. आम्हा भावंडांना ओढ्याचे, नदीचे नाव काढायची सोय नव्हती. वडिलांशी ती कामापुरते बोले. ‘‘काय होतंय?’’ असे विचारले की, ‘‘काही नाही, प्रभूची कृपा आहे,’’ हे ठरलेले उत्तर.

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी जे सांगितले ते त्यांना लहानपणापासून सांगण्यात आले होते. श्रद्धावान माणसाने नेहमी आनंदी असावे, राग येऊ देऊ नये, भीती वाटू देऊ नये, मनात वाईट विचार आला तर तो आपल्या पापाचा पुरावा समजावा, अशी एक समजूत पुष्कळ ख्रिस्ती घरांत असते. ख्रिस्ती घरांतच कशाला? ‘देव देव करता आणि तरी रडता?’ हा प्रश्न आपल्याकडे कोणत्याही धर्माच्या माणसाला विचारला जातो. मला मात्र पुढे बरीच वर्षे एकच प्रश्न पडत राहिला. ख्रिस्ती धर्माची मनाविषयीची शिकवण खरोखर हीच आहे का?

मराठी माणसाला मनाविषयी कोणी नव्याने काही सांगावे अशी परिस्थिती नाही. समर्थांनी मनाला उद्देशून 205 श्लोक लिहिले, तुकोबांनी मनाची मनधरणी केली, बहिणाबाईंनी शेतात राबता राबता मनावर कविता रचली. हे सारे आमच्याही घरात होते. वडील शाळेत मनाचे श्लोक शिकवीत आणि घरी स्तोत्रसंहिता वाचीत. त्या स्तोत्रसंहितेतच माझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर होते, हे मला कळले ते आत्याबाईंमुळे.

आत्याबाई म्हणजे वडिलांच्या आत्या. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी बायबल-बाई म्हणून खेडोपाडी पायी फिरण्यात घालवली होती. भावाला जाऊन बारा वर्षे झाली त्या नाताळात त्या आमच्याकडे राहायला आल्या. दोन दिवस त्यांनी भांड्यांचा आवाज ऐकला. तिसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर त्या आईला म्हणाल्या, ‘‘सूनबाई, जरा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच बघू. मला या चष्म्यानं धड दिसत नाही.’’

आई वाचू लागली. ते स्तोत्र म्हणजे एक सरळ सरळ तक्रार आहे. मी रात्रंदिवस हाका मारतो आहे आणि तू तोंड लपवतोस, असे माणूस देवाला म्हणतो. तू मला खोल खड्ड्यात टाकलेस, असेही म्हणतो. त्या खड्ड्यापाशी आईचा आवाज थांबला. ‘‘पुढं वाच,’’ आत्याबाई म्हणाल्या. आईने शेवटपर्यंत वाचले.

‘‘पुढचं कुठंय?’’

‘‘संपलं, आत्याबाई.’’

‘‘संपलं? स्तुती नाही, धन्यवाद नाही? अंधारातच संपलं?’’ आणि मग अगदी हलक्या आवाजात, ‘‘मग ते पवित्र शास्त्रात कसं राहू दिलं गं कोणी?’’

आईने पुस्तक मिटले आणि ती रडली. मध्यरात्र उलटून गेली तरी रडत होती. आत्याबाई शेजारी बसून होत्या. त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही, डोळेही पुसले नाहीत.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांत भीती आहे, संताप आहे, सूडाची इच्छासुद्धा आहे. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना ते वगळता आले असते. त्यांनी ते ठेवले. याचा अर्थ इतकाच की, देवापुढे उभे राहताना मन आधी धुऊन, इस्त्री करून आणावे लागत नाही. जसे आहे तसे आणायचे असते.

येशूच्या चरित्राकडे पाहिले तरी हेच दिसते. बेथानी गावी मित्र लाजर मरण पावला तेव्हा त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे. विशेष म्हणजे, त्याच वृत्तांतानुसार, काही क्षणांनी तो लाजराला जिवंत करणार होता. पुढचे ठाऊक असूनही तो रडला. वाळल्या हाताच्या माणसाला शब्बाथाच्या दिवशी बरे करू नये, म्हणून सभास्थानातली माणसे गप्प बसली, तेव्हा त्याने त्यांच्याकडे रागाने पाहिले, असे मार्क सांगतो. आणि लगेच, त्यांच्या कठोरपणाचे त्याला दुःख झाले, असेही सांगतो. राग आणि दुःख यांची ही जोडी ज्याने घरात तरुण मुले वाढवली आहेत त्याला समजावून सांगावी लागणार नाही.

आणि गेथशेमानेची ती रात्र. मरण समोर दिसत होते. येशूने तेव्हा तीन गोष्टी केल्या. जीव जाईल इतके दुःख होते आहे, हे त्याने तीन मित्रांना उघडपणे सांगितले आणि जागे राहून सोबत करा, अशी विनंती केली. मग, हे टळले तर बरे, असे पित्यालाही स्पष्ट म्हटले. त्यानंतरच त्याने आपला निर्णय पित्याच्या इच्छेशी जुळवून घेतला. आधी माणसांजवळ बोलणे, मग देवाजवळ बोलणे आणि मग निवड करणे. आपण बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारायला बघतो आणि तोंडघशी पडतो. मित्र मात्र त्या रात्री झोपी गेले. सोबत मागितली की ती मिळतेच असे नाही, हेही त्या कथेत आहे.

पण भावना मोकळी केली की काम संपले, असेही नाही. आईचे रडणे सुटले, हे चांगले झाले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा जगायचे होतेच. मनात येणाऱ्या विचारांचे रोज काय करायचे? या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेत फार बारकाईने काम झाले ते एखाद्या मोठ्या शहरात नव्हे, इजिप्तच्या वाळवंटात.

चौथ्या शतकात नाईलच्या मुखाच्या पश्चिमेकडील ओसाड प्रदेशात शेकडो माणसे एकान्तात राहायला गेली. संसार सोडला, बाजार सोडला. मग त्यांच्या लक्षात आले की, सगळे सुटले तरी मन बरोबर आलेच आहे. त्यांच्यापैकी एक होता इव्हाग्रियस. आजच्या तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकडच्या भागात सुमारे 345 साली तो जन्मला. विद्वान, वक्ता, राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाव कमावलेला. तिथे तो एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला आणि आपले पाऊल घसरणार हे ओळखून जेरुसलेमला निघून गेला. तिथून इजिप्तमध्ये. 399 साली मरेपर्यंत तो त्या वाळवंटातच राहिला. मनाच्या गोष्टी त्याने पुस्तकात वाचून लिहिल्या नव्हत्या, हे यावरून कळावे.

इव्हाग्रियसने माणसाला छळणाऱ्या आठ गोष्टींची यादी केली: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, बढाई आणि गर्व. या आठांना त्याने ‘पापे’ म्हटले नाही. त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ‘विचार’. हे विचार मनात यावेत की नाहीत, हे आपल्या हाती नाही. ते रेंगाळावेत की नाहीत आणि त्यांनी आपल्याला पेटवावे की नाही, हे आपल्या हाती आहे, असे त्याचे सांगणे. दारावर कोण येऊन उभे राहील, हे घरमालक ठरवू शकत नाही. आलेल्याला ओसरीवर बसवायचे, माजघरात न्यायचे की दारातूनच निरोप द्यायचा, हे मात्र तोच ठरवतो. आपल्या हृदयाचा द्वारपाल हो, आलेल्या प्रत्येक विचाराला ‘तू आमच्यातला की शत्रूच्या गोटातला?’ असे विचारल्याशिवाय आत सोडू नकोस, असा सल्ला त्याने एका पत्रात दिला आहे.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या यादीची फेरमांडणी केली आणि तीच कालांतराने ‘सात घातक पापे’ म्हणून प्रसिद्ध झाली. वैद्याची रोगांची वही जणू न्यायालयातले आरोपपत्र झाली. मला वाटते, माझ्या आईला ज्यांनी रडू नको म्हटले त्यांच्या हाती हे आरोपपत्र होते. वैद्याची वही त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. इव्हाग्रियसची काही तात्त्विक मते सहाव्या शतकात पाखंडी ठरवली गेली, म्हणून त्याचे प्रार्थनेवरचे लेखन पुढे दुसऱ्याच साधूच्या नावावर टिकून राहिले. माणसाचे नाव खोडले, तरी उपयोगाची गोष्ट लोकांनी टाकली नाही.

या विचारांमागे तो भुतांचा हात मानी. आजच्या वाचकाला ते पटेलच असे नाही. परंतु त्याची निरीक्षणे पाहा. कंटाळ्याचे वर्णन करताना तो म्हणतो की, सकाळी दहाच्या सुमारास हा येतो आणि दुपारी दोनपर्यंत गळ्याशी बसतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. माणूस खिडकीतून पुनःपुन्हा बाहेर बघतो, कोणी येते आहे का ते पाहतो. मग त्याला आपल्या जागेचा वीट येतो, कामाचा वीट येतो, आपल्यावर कोणाचेच प्रेम उरलेले नाही असे वाटू लागते, दुसरीकडे गेलो तर सगळे ठीक होईल अशी खात्री पटते. खिडकीच्या जागी हातातला मोबाइल ठेवला, तर हे वर्णन कालचे वाटेल. रागाविषयी तो सांगतो की, ज्याने आपल्याला दुखावले त्याचा चेहरा नेमका प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांसमोर येतो. देवघरात किंवा देवळात बसून जावेची, साहेबाची किंवा शेजाऱ्याची उजळणी ज्याने केलेली नाही, त्याने हात वर करावा.

उपाय त्याने फार साधे सांगितले. कंटाळ्यावर उपाय म्हणजे जागा न सोडणे. कंटाळ्याच्याच वेळी आपल्या जिवाचे दोन भाग करावेत, एकाने रडावे आणि दुसऱ्याने त्याची समजूत काढावी. हे तो बेचाळिसाव्या स्तोत्रावरून शिकला. त्यात गाणारा स्वतःच्या जिवालाच विचारतो की, तू असा खचलास का? येशूने रानात सैतानाच्या तिन्ही प्रश्नांना शास्त्रवचनांनी उत्तर दिले होते. त्या धर्तीवर इव्हाग्रियसने आठ विचारांना देण्याजोगी जवळजवळ 500 उत्तरे शास्त्रातून निवडून एक पुस्तकच तयार केले. ‘माझ्याच्याने काही होणार नाही’ असा विचार आला, तर तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा नाही. त्याला उत्तर द्यायचे.

मानसशास्त्राचा परिचय असलेल्यांना इथे अल्बर्ट एलिस यांची आठवण होईल. 1955 च्या सुमारास या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी मांडले की, घटना आपल्याला तितके दुःख देत नाही, जितका त्या घटनेविषयीचा आपला विचार देतो. म्हणून त्या विचाराशीच वाद घालावा. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ विचारसरणी म्हणून ही पद्धत अनेकांना ठाऊक आहे. एलिस स्वतः नास्तिक होते आणि त्यांनी आपले ऋण प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्याकडे मोजले. त्यामुळे ‘हे सगळे आमच्याकडे आधीच होते’ अशी फुशारकी ख्रिस्ती माणसाने मारू नये. इव्हाग्रियसच्या यादीत बढाईचाही क्रमांक लागतो! फरक एकच सांगता येईल. एलिस यांच्या पद्धतीत माणूस आपल्या विचाराशी वाद घालतो. ख्रिस्ती साधनेत तो विचार घेऊन माणूस कोणापुढे तरी जातो. आपल्या मनाशी आपण एकटेच झुंजत नाही, हा तिथला मुख्य धागा आहे.

हा धागा आणखी घट्ट केला तो एका जखमी सैनिकाने. 1521 च्या मे महिन्यात स्पेनमधील पाम्प्लोना येथे तोफगोळा लागून इग्नेशियस लोयोला याचा पाय मोडला. घरी अंथरुणाला खिळून असताना त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा वाचायला मागितल्या. त्या घरात नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे तेवढी होती. तो कधी ती वाचायचा, कधी एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्ने तासन् तास रंगवायचा. दोन्हींत त्याला गोडी वाटे. परंतु काही दिवसांनी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. ती स्वप्ने संपली की मन कोरडे पडे. संतांसारखे जगावे हा विचार संपल्यानंतरही आतमध्ये समाधान उरे. विचार चालू असताना कसे वाटते यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते, यावरून त्याची पारख करावी, हा इग्नेशियसचा शोध.

पुढे मान्रेसा या गावी त्याच्या वाट्याला अपराधगंडाचा भयंकर काळ आला. केलेली पापे कबूल करूनही त्याला वाटे, काही तरी सांगायचे राहिले. खोलीतल्या भगदाडात उडी टाकून जीव द्यावा, असे विचार त्याच्या मनात येत, हे त्याने उतारवयात स्वतः सांगितले आहे. ज्याला पुढे संत म्हटले गेले त्याच्याही दाराशी हा विचार येऊन उभा राहिला होता. ज्याला आज तसे वाटत असेल त्याने हे जरूर लक्षात ठेवावे. असा विचार येणे हा श्रद्धेचा पराभव नाही.

या अनुभवातून तयार झालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या पुस्तकाला 1548 साली पोप तिसरे पॉल यांची संमती मिळाली. त्यातले दोन नियम प्रत्येक घराच्या भिंतीवर लावावेत असे आहेत. पहिला: मन कोरडे, काळवंडलेले असताना कोणताही जुना निर्णय बदलू नये. चांगल्या वेळी जे ठरवले तेच धरून राहावे. राजीनामा, घटस्फोट, भावाशी बोलणे बंद करणे, हे सारे उजाडेपर्यंत थांबू शकते. दुसरा: अनिष्ट विचाराला गुप्तता आवडते. फसव्या प्रियकरासारखा तो सांगतो की, हे कोणाला कळू देऊ नकोस. तो एका शहाण्या, विश्वासू माणसापुढे उघड केला की त्याचे अर्धे बळ जाते.

इग्नेशियसच्या येशू संघाचे फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात आले आणि त्यांच्या पाठोपाठ ही साधनाही आपल्या किनाऱ्याला लागली. त्याच संघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि 1616 साली त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाचा मराठीला अभिमान आहे. तो लिहिणारा माणूस इग्नेशियसच्या साधनेत घडलेला होता, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

इग्नेशियसची एक सवय कोणालाही, कोणत्याही धर्माच्या माणसाला, घरी करता येईल. दिवस संपताना दहा-पंधरा मिनिटे बसायचे. आज काय चांगले मिळाले त्याबद्दल आधी कृतज्ञता व्यक्त करायची. मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोर आणायचा: कुठे मन उजळले, कुठे करपले. जिथे चुकलो तिथे क्षमा मागायची आणि उद्याचे एकच लहानसे पाऊल ठरवायचे. कृतज्ञता आधी येते, याला महत्त्व आहे. चुकांपासून सुरुवात केली की ती उजळणी न राहता उलटतपासणी होते.

रागाबद्दल थोडे. राग आला तरी पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, असा पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा आशय आहे. राग येऊच देऊ नका, असे तिथे म्हटलेले नाही. तरीही घरोघरी बायकांना याचा अर्थ ‘सोसा आणि गप्प बसा’ असा सांगितला जातो. मार खाणाऱ्या सुनेला ‘क्षमा कर’ म्हणून परत पाठवणे ही क्षमेची शिकवण नव्हे. क्षमा म्हणजे सूड सोडणे. अन्यायाला अन्याय म्हणणे सोडणे नव्हे. आणि क्षमेला वेळ लागतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. तो आकांत, तो राग त्यांनी लपवलेला नाही. त्यावर धर्माचा मुलामा चढवलेला नाही. पुढे 1900 साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी आधीच्या दुःखाला त्यांनी खोटे ठरवले नाही. मराठीतले हे थोर आत्मचरित्र असे निखळ उतरले, त्याचे एक कारण हा खरेपणाच असावा.

शेवटी, सर्वांत महत्त्वाचे. प्रार्थनेने सर्व काही बरे होते, औषध कशाला, असे म्हणणारे काही जण भेटतात. त्यांनी एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुन्हा वाचावी. राणी ईजबेल जिवावर उठली तेव्हा तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता मला मरण दे, असे देवाला म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. एक दूत आला. त्याने भाकर आणि पाणी दिले. एलीया खाऊन झोपला. दूताने त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाचे बोलणे झाले ते त्यानंतर पुष्कळ दिवसांनी. खचलेल्या माणसाला आधी अन्न आणि झोप लागते, हे बायबलाला ठाऊक आहे. कॅथलिक बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे; औषधेही देवानेच जमिनीतून उगवली, असे त्याचे कारण दिले आहे.

सतत दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगू नये असे वाटते, हा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मधुमेह असलेल्याला आपण ‘श्रद्धा वाढव’ म्हणून इन्शुलिन बंद करायला सांगत नाही. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे; तिथे दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. चर्चलाही हे शिकायला वेळ लागला. आत्महत्या केलेल्यांना धर्मविधीने दफन नाकारणारी तरतूद कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायद्यातून गेली. गंभीर मानसिक त्रासामुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असे 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आले. उशिरा का होईना, आरोपपत्राची पुन्हा वैद्याची वही होऊ लागली.

आई आता थकली आहे. आत्याबाई जाऊनही खूप वर्षे झाली. त्या नाताळानंतर आईचे सगळे दुःख नाहीसे झाले, असे मी म्हणणार नाही. डोकेदुखी थांबायला वर्ष लागले आणि त्यासाठी डॉक्टरांकडेही जावे लागले. वडिलांशी ती भावाबद्दल बोलू लागली. आधी भांडून, मग नुसती. विहिरीच्या वाटेने ती पहिल्यांदा गेली तेव्हा मी बरोबर होतो. कठड्याशी थोडा वेळ उभी राहिली आणि दळणाचा डबा माझ्या हाती देऊन चालू लागली.

रात्री झोपण्यापूर्वी मी तिच्या खाटेशी बसतो. आज काय चांगले झाले, काय लागले, ते दोघे एकमेकांना सांगतो. मागच्या आठवड्यात तिला विचारले, ‘‘आई, आज काय?’’

‘‘दुपारी दादाची आठवण आली होती,’’ ती म्हणाली. ‘‘पूर्वी आली की दार लावून घ्यायचे मी. आज बसवून घेतली. थोडी रडले. मग तिला म्हटलं, बस हो, मी जरा शेंगा निवडते.’’